चि. संजूस, सोमवारी हो म्हणण्याआधी

कराड
शनिवार, रात्री

चि. संजू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर माझा आवाज चढला, तुझाही चढला आणि तू फोन ठेवलास. आई दोघांनाही बोलली. म्हणून लिहायला बसलोय, कागदावर ओरडता येत नाही. तात्यांचा विषय काढायचा नाही असं तिनं बजावलंय. काढत नाही.

तुझं म्हणणं एवढंच की नवी मुंबईजवळ कळंबोलीत ट्रक चालवायला एकाकडे महिन्याला २८ हजार मिळतायत, सगळं धरून. दुसऱ्याकडे १९ हजार आणि वर ट्रिपचा भत्ता. मग यात विचार कसला? अरे, 'सगळं धरून' म्हणजे काय काय धरून? खोराकी, म्हणजे रस्त्यावरच्या जेवणाचे पैसे, कोणाचे? गाडी खाली व्हायला तीन दिवस लागले तर हॉल्टिंग, म्हणजे थांबल्याचे पैसे, कोणाला मिळतात, तुला की फक्त मालकाला? वराई, म्हणजे हमालांची मजुरी, आधी तुझ्या खिशातून जाणार असेल तर पावतीवर परत किती दिवसांत मिळते? यातलं एकही तू विचारलेलं नाहीस.

१९ हजारवाला पीएफ कापतो म्हणून तू नाक मुरडलंस. मूळ पगार १५ हजार धरला तर तुझे महिन्याला १८०० जातात, पण तेवढेच मालकालाही भरावे लागतात. पगार २१ हजारांच्या आत असला की ईएसआय, म्हणजे कामगार विमा, येतं. त्यात तुझा पाऊण टक्का, मालकाचा सव्वातीन. १९ हजारांवर तुझे दीडशेसुद्धा होत नाहीत, आणि दवाखाना घरच्यांसकट.

आता कापतो म्हणजे भरतो असंही नाही. ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ ऑफिसच्या, साइटवर आस्थापना शोधता येते, त्याला लॉगिन लागत नाही. कंपनीचं नाव टाकलं की कोणत्या महिन्याचे किती पैसे भरले, किती माणसांचे भरले, ते दिसतं. रस्त्यावर चाळीस गाड्या आणि तिथं माणसं सहा, असं असेल तर बाकीचे ड्रायव्हर कागदावर नाहीतच. त्यांच्यातलाच तू एक होशील.

ऑफिसात जाऊन काही कळत नाही, तिथं गणपतीचा फोटो आणि एसी असतो. संध्याकाळी सातनंतर त्यांच्या पार्किंगला जा. चार-पाच गाड्यांचे नंबर उतरवून एमपरिवहन या सरकारी ॲपवर टाक. फिटनेस, विमा, पीयूसी, परमिट, सगळ्यांच्या तारखा दिसतात. आठ वर्षांच्या आतल्या गाडीचं फिटनेस दोन वर्षांचं असतं, त्यापुढे दरवर्षी करावं लागतं. दोन गाड्यांचा विमा संपलेला निघाला तर तिथूनच परत फिर. विमा चालू असला तरी पॉलिसीची प्रत मागायची आणि त्यात 'पेड ड्रायव्हर, क्लीनर' यांचा हप्ता भरलाय का ते बघायचं. ती ओळ नसेल तर अपघातानंतर तुझ्या भरपाईसाठी मालकाच्याच मागे लागावं लागू शकतं.

मग टायर. बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पुढच्या एक्सलला रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेला, टायर दिसला की समज, या मालकाला ड्रायव्हरची किंमत नाही. मागे चालतो, पुढे फुटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही. व्हीलनटाखाली गंजाची रेघ ओघळली असेल तर नट ढिला आहे. लहानपणी तू काठी घेऊन टायर वाजवत फिरायचास. जरा बद्द आवाज आला की "अण्णा, पंक्चर!" म्हणून अख्खी गल्ली उठवायचास. दहापैकी नऊ वेळा टायर चांगला असायचा. पण तो दहावा कधी सुटला नाही तुझ्या हातून. हे का लिहिलं कुणास ठाऊक.

असो. पार्किंगला जाशील तेव्हा तिथल्या ड्रायव्हरांना चहा पाज आणि एकच गोष्ट विचार: रात्री दोनला गाडी बाजूला लावून झोपलं तर किती मिनिटांत फोन येतो? जीपीएसवर गाडी थांबलेली दिसते ना ऑफिसातल्यांना. "गाडी का थांबली?" असा फोन दहा मिनिटांत येत असेल, तर २८ हजार कशाचे आहेत ते कळलं.

हिशेब तूच कर. कळंबोली ते बंगळूर साधारण साडेनऊशे किलोमीटर. घाट, टोल, गर्दी धरून सरासरी चाळीस पडली तरी चोवीस तास नुसतं स्टिअरिंग. १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं लांब पल्ल्यालासुद्धा दिवसाला दहा तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास विसावा अशी हद्द घातली होती. त्या हिशेबानं गाडी तिसऱ्या दिवशी पोचते. आणि सुपरवायझर म्हणतो, आज रात्री आठला निघ, उद्या रात्री दहाला गेटवर पाहिजे. सव्वीस तास. चोवीस गेले, उरले दोन. त्यात जेवण, अंघोळ, चहा आणि झोप.

वर म्हणतील, ई-वे बिल, म्हणजे मालासोबतचा जीएसटीचा कागद, त्याची मुदत संपेल, पळव. खोटं आहे. साध्या मालाला दर २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो, म्हणजे साडेनऊशेला पाच दिवस. संपायला आलंच तर आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत वाढवताही येतं. घाई मालाची नसते, गाडीच्या पुढच्या भाड्याची असते.

झोपेचं एकदाच लिहीन म्हटलं होतं. झालं.

डिझेलचं मात्र नीट ऐक, त्यात चांगले चांगले फसतात. ॲव्हरेज कोण ठरवतं आणि कसं, ते विचार. भरलेली गाडी खरी लिटरला पावणेचार किलोमीटरचं देत असेल आणि यांनी साडेचार लावलं, तर साडेनऊशे किलोमीटरला ४२ लिटर कमी पडतात. लिटरला नव्वदचा भाव धरला तर ३८०० रुपये, एका ट्रिपला, तुझ्या हिशेबातून. मग ड्रायव्हर काय करतो? पुण्यात येताना कात्रजचा नवा बोगदा सुटला की नवले पुलापर्यंतच्या उतारावर गाडी न्यूट्रलला सोडतो. इंजिनाचा आणि एक्झॉस्ट ब्रेकचा आधार जातो, सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो, ड्रम तापतात आणि खाली गर्दीत पाय दाबावा तर ब्रेक लागत नाही. बरं, बीएस-६, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या, इंजिनात गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की डिझेल जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलला ते आयडलिंगवर जळत राहतं. म्हणजे जीव घालवून डिझेलही वाचत नाही. चांगला मालक भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचं ॲव्हरेज वेगळं धरतो. तो तक्ता बघायला माग.

ओव्हरलोडचं थोडक्यात. आरसीवरच्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा कर, तेवढाच माल. २८ टनांच्या दहाचाकीचं रिकामं वजन साडेनऊ असेल तर साडेअठरा टन, बस. दंड २० हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ चालवणाऱ्यालाही धरतं. काट्याची पावती घेतल्याशिवाय निघायचं नाही.

मूळ लायसन्स कोणाच्या कपाटात ठेवायचं नाही. डिजिलॉकरचं चालतं, झेरॉक्स दे. कोऱ्या कागदावर सही नाही, कोरा चेक नाही. आणि उचल घेऊ नकोस. घरच्या कामाला पैसे लागले तर मला सांग, मी बघतो. उचल फिटेपर्यंत तुला नोकरी सोडता येत नाही. मग रात्री दोनचा फोन आला की 'झोपलोय' म्हणायची ताकद राहत नाही.

पुन्हा तेच आलं. राग मानू नकोस. तू तेवीस वर्षांचा आहेस, हेवीचं लायसन्स स्वतःच्या पैशानं काढलंस. आक्कानं त्याचा फोटो सगळ्या भावकीला पाठवला. मी पाठवला नाही, पण दोनदा मोठा करून बघितला.

सोमवारी हो म्हणायच्या आधी जुन्या ड्रायव्हरबरोबर एक ट्रायल ट्रिप माग. तो कुठं थांबतो आणि थांबल्यावर फोनवर काय बोलतो, ते फक्त ऐक. नंतर जे ठरवशील ते तुझं. फोन मीच करीन, ओरडणार नाही.

तुझा,
अण्णा

ता.क. गाडी दाखवतील तेव्हा केबिनमधल्या बर्थवर आडवा होऊन बघ. तुझी उंची पाच फूट अकरा आहे. पाय दुमडावे लागत असतील तर दुसरी गाडी माग.