यंत्राला आकाश दिसावं म्हणून कडुनिंब तोडू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

बडोद्याच्या कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीच्या सभेत येत्या रविवारी एक ठराव येणार आहे. बागेतले दोन कडुनिंब काढायचे आणि आंब्याच्या पश्चिमेकडच्या मोठ्या फांद्या उतरवायच्या. झाडांना कीड लागलेली नाही, फांदी कुणाच्या घरावर आलेली नाही, भिंतीला तडाही गेलेला नाही. गेल्या वर्षी घेतलेल्या लॉन कापणाऱ्या रोबोला झाडांखाली चालता येत नाही, हेच काय ते कारण. मी अठरा वर्षं बागसमितीत आहे आणि यंत्र घेण्याच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत मीही होते. ओळखीच्या तीन सोसायट्यांतून मला या यंत्राबद्दल फोन आले, म्हणून आमचा अनुभव सविस्तर लिहिते आहे.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, तेव्हा आमच्या बागेत कमरेएवढं पाणी होतं. पाणी उतरल्यावर जुनी हिरवळ गाळाखाली गेलेली दिसली. झाडं मात्र जागची हलली नाहीत. गाळ काढून, नवी माती टाकून लॉन पुन्हा लावली आणि पुढच्या अक्षय्य तृतीयेच्या सुमारास हा रोबो आला.

यंत्र वाईट नाही. फाटकापाशी जो उघडा तुकडा आहे, तिथे ते फार छान काम करतं. खाली एक फिरती चकती, तिच्या कडेला दाढीच्या पात्यासारखी छोटी पाती. ते रोज फिरतं, गवताचं फक्त टोक उडवतं आणि तो बारीक चुरा तिथेच मातीत जिरतो. पेट्रोलचा धूर नाही, कानठळ्या नाहीत. पूर्वी गवत कापायचा दिवस आला की समोरच्या आजोबांना खिडक्या बंद कराव्या लागत. आता ते त्याच वेळी ओट्यावर पेपर वाचत बसतात.

अडचण आहे ती झाडांची, आणि यंत्र घेण्याआधी ती आम्हाला कुणी नीट समजावली नाही. विक्रेत्याने बाग पाहिली, झाडं मोजलीसुद्धा, पण फांद्यांकडे मान वर करून पाहिलं नाही. आमचं यंत्र उपग्रहांच्या संकेतांवर चालतं. एक स्थानक गच्चीवर बसवलेलं असतं, आणि दोन्हीकडचा मेळ घालून यंत्र आपली जागा दोन-तीन सेंटीमीटरच्या आत ओळखतं. त्याला आरटीके म्हणतात. पण इतक्या दुरून येणारे ते संकेत फार क्षीण असतात. दाट पानं ते अडवतात, पावसात भिजलेली पानं तर जास्तच, आणि जवळच्या इमारतीवर आपटून आलेले संकेत यंत्राला चकवतात. जागेची खात्री राहिली नाही की ते थांबतं, आणि थांबायलाच हवं. नाहीतर ते रस्त्यावर जाईल.

हे मला कागद वाचून नाही, कडुनिंबामुळे कळलं. वर्षभर रोबो कडुनिंबाखाली शिरला की पाच-सात फुटांवर दिवे लुकलुकवत उभा राही आणि वॉचमन त्याला उचलून बाहेर आणून ठेवी. फेब्रुवारीच्या अखेरीस पानगळ झाली, झाड जवळजवळ रिकामं झालं, माळीकाका रोज खराट्याने पाचोळा काढत, आणि काय आश्चर्य, रोबो त्या झाडाखालून आरपार जाऊ लागला. दोन आठवडे सगळे खूश. विक्रेत्याचा माणूस म्हणाला, बघा, सुधारलं की नाही. मग तांबूस कोवळी पालवी आली. पाडव्याला गुढीसाठी डहाळ्या काढायला आम्ही बायका खाली उभ्या होतो, तेव्हा यंत्र पुन्हा आमच्या पायांशी येऊन थांबलं. तेव्हापासून परत तेच. त्याच माणसाने नंतर ‘वरून थोडं मोकळं करून घ्या’ असं सांगितलं आणि ठरावाचं बी तिथे पडलं.

माळीकाका छोटा उदेपूरकडचे. यंत्र आलं त्याच दिवशी ते म्हणाले होते, ‘बेन, लीमडा नीचे घास ना थाय.’ म्हणजे ताई, कडुनिंबाखाली गवत होत नाही. मी तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही. आता वर्षभर रोज पाहून लिहिते, ते शब्दशः खरं आहे. आपली हरळी, म्हणजे दूर्वा, पक्की उन्हातली. सावलीत ती लांबट, विरळ होते आणि शेवटी उघडी माती दिसते. ज्या पानांमुळे यंत्राला उपग्रह दिसत नाही, त्याच पानांमुळे हरळीला ऊन मिळत नाही. म्हणजे जिथे रोबो अडतो तिथे कापायला गवत असतंच कुठे? आम्ही त्याला मातीवर आणि मुळांवर फिरवायला धडपडत होतो.

ही मुळंही लक्षात घ्या. आंब्याची मुळं जमिनीवर मनगटाएवढी जाड येतात. रोबोचं पोट त्यावर टेकतं, चाकं हवेत फिरत राहतात. मे महिन्यातल्या वावटळीत पडलेल्या कैऱ्या, पावसाच्या तोंडावर निंबोळ्या आणि जांभळांचा चिकट सडा, गुलमोहराच्या हातभर शेंगा, सगळं चकतीखाली जातं. आणि आमच्या तीन वर्षांच्या बकुळीच्या बुंध्याला यंत्र रोज एकाच जागी येऊन टेकत होतं. धक्का हलकाच, पण रोजचा. रुपयाएवढी साल निघालेली दिसली तेव्हा माझ्या पोटात कालवलं. सालीखालूनच झाड अन्न वाहून नेतं. तिथे पूर्ण कडं कापलं गेलं तर झाड वाळतं. आता बकुळीभोवती हातभर रुंद आळं केलंय, त्यात पाचोळा टाकलाय, कडेला विटा उभ्या लावल्यात.

दुसरी गोष्ट जिवांची. दिवसा मुलं खेळतात म्हणून समितीतल्या एका तरुण सभासदाने यंत्राची वेळ रात्रीची केली होती. जुलैत एका सकाळी मला गवतात एक बेडूक दिसला. मागचा पाय नव्हता, तो पुढच्या पायांवर सरकत नाल्याकडे चालला होता. त्याच दिवशी वेळ बदलून सकाळी नऊ ते अकरा केली. युरोपात याच गोष्टीसाठी अभ्यास झाले आहेत. काट्यांचा गोळा होऊन बसणारा छोटा प्राणी असतो ना, गुजरातीत ज्याला शेळो म्हणतात, तो तिकडे या यंत्रांत सापडतो. सोफी लुंड रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये १८ यंत्रं मेलेल्या शेळोंवर तपासून पाहिली; एकालाही प्रत्यक्ष टेकल्याशिवाय प्राणी ओळखता आला नाही. जर्मनीत काही शहरांनी रात्री यंत्र चालवायला बंदीच केली आहे. आपल्याकडे बेडूक, सरडे, जमिनीवर अंडी घालणारी टिटवी आहे. रात्री हे यंत्र चालवू नये, पावसाळ्यात तर नाहीच.

आणि दूर्वांचं सांगायचं राहिलं. गणपतीत आमच्या आणि शेजारच्या दोन सोसायट्यांतल्या बायका पहाटे आमच्याच बागेत दूर्वा खुडायला येतात. गेल्या चतुर्थीला गवत सगळीकडे चार सेंटीमीटर. तीन पानांचा कोवळा तुरा यायला गवताला थोडं वाढू द्यावं लागतं. रोज टोक उडालं तर तो येणार कसा? एकवीस दूर्वांच्या जुड्या होईनात. एक सत्तरीच्या आजी भिंतीकडेने वाकून वाकून शोधत होत्या, मुठीत सात-आठच होत्या. यंदा दक्षिणेकडच्या भिंतीलगत दोन हातांची पट्टी मी यंत्राच्या नकाशातून वगळून घेतली आहे. मोबाइलवर बोटाने रेघ ओढायची असते, पाच मिनिटांचं काम.

हीच रेघ कडुनिंब आणि आंब्यांभोवती ओढावी, ही माझी सोसायटीला विनंती आहे. झाडांखाली गवताचा हट्ट सोडावा. पाचोळा तिथेच पसरू द्यावा, फक्त बुंध्याला चिकटून ढीग नको. नवं यंत्र घेणाऱ्यांनी आधी दुपारी बारा वाजता बागेत उभं राहून सावली कुठवर येते ते खडूने आखावं. उघडी जागा जास्त असेल तर उपग्रहवालं चालेल. झाडं दाट असतील तर लायडारचं बघावं. ते लेझरने आजूबाजूची अंतरं मोजतं आणि बुंध्यांच्याच खुणा धरून चालतं, आकाश लागत नाही. जमिनीत तार पुरून चालणारी जुन्या पद्धतीची यंत्रंही झाडांखाली भरकटत नाहीत, फक्त कुदळ मारताना तार तुटते आणि ती शोधत बसावं लागतं. मुळांवर मात्र यातलं कुठलंच यंत्र नीट चालणार नाही.

झाड तोडण्याची परवानगी देणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. अर्जात ‘अडथळा’ एवढाच शब्द असेल तर कशाला अडथळा, हे विचारा आणि येऊन बघा. हे दोन कडुनिंब माझ्या सासऱ्यांच्या पिढीने लावलेले आहेत. मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो तेव्हा दुपारी वॉचमन, माळीकाका, कुरिअरची मुलं, भाजीवाली, सगळे त्यांच्याखाली टेकलेले असतात.

रविवारची सभाही सकाळी दहा वाजता त्यांच्याच सावलीत ठेवली आहे, कारण हॉलचे पंखे बंद आहेत.

आपली नम्र,
सोसायटीच्या बागसमितीची एक सभासद,
कारेलीबाग, बडोदे