टेकलेला बिंदू

कऱ्हाड,
आषाढ वद्य एकादशी

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी दारात हेल्मेटचा पट्टा आवळताना तू जे बोललीस, त्याचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही, कारण तुझे बाबा मध्ये पडले आणि बोलणे वेळेच्या हिशोबावर गेले. पुण्याहून तू दोन तासांत पोचलीस, हे ऐकताच मी सरासरी काढली. साधारण 160 किलोमीटर, म्हणजे ताशी 80. केंद्र सरकारने 2018 साली चौपदरी महामार्गावर दुचाकीसाठी जी कमाल मर्यादा ठरवली ती 80 चीच आहे, आणि तुझी ती सरासरी होती. ज्या वाटेवर शिरवळची गर्दी आणि खंबाटकीचा चढ आहे, तिथे सरासरी 80 पडायची असेल तर मोकळ्या रस्त्यावर काटा कुठवर गेला असेल, हे मला कोणी सांगायला नको. मी तसे म्हणाले आणि तू उलट विचारलेस, "आई, चाक रस्त्याला जिथं टेकतं तिथं त्याचा वेग शून्य असतो, हे तूच शिकवलंस ना? मग एवढी भीती कशाची?"

तुझे म्हणणे खरे आहे, आणि इतक्या वर्षांनंतर ते तुझ्या लक्षात राहिले याचा मला त्या रागातही आनंद झाला. म्हणून या पत्रात मी तेवढ्याच प्रश्नाबद्दल लिहिणार आहे. वैदेहीच्या मंगळागौरीला आत्याकडे कुंभार्ली घाटातून मोटारसायकलने जायचा तुझा जो बेत आहे, त्याविषयी काही लिहायचे नाही असे मी ठरवले आहे.

तू चौथी-पाचवीत असताना शाळा लवकर सुटली की माझ्या अकरावीच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसत असस. पोळ्यांच्या डब्याच्या झाकणाच्या कडेला चिकटपट्टीने खडूचा तुकडा लावून मी ते झाकण फळ्याखालच्या पट्टीवरून घरंगळत नेत असे आणि फळ्यावर कमानीमागून कमान उमटत जाई. तोच सायक्लॉइड. दोन कमानी जिथे पट्टीपाशी मिळतात तिथे गोलाई नसते, टोक असते. खडू वरून सरळ खाली येतो, थांबतो आणि सरळ वर निघतो. एकदा तू बाकावर उभी राहून विचारलेस, "झाकण पुढं चाललंय, तर खडू का थांबला?" तीस-चाळीस मुले वहीत आकृती उतरवून घेत होती आणि त्यांतल्या कोणालाही तो प्रश्न पडला नव्हता. त्या दिवशी घरी येताना मी आप्पांना ते इतक्यांदा सांगितले की शेवटी त्यांनीच विषय बदलला.

तर ते असे आहे. गाडी ताशी 120 ने जात असेल तर चाकाचा आसही 120 ने जातो, चाकाचा सर्वांत वरचा बिंदू 240 ने जातो आणि रस्त्याला टेकलेला बिंदू त्या क्षणी रस्त्याच्या सापेक्ष थांबलेला असतो. धावत्या सायकलचे छायाचित्र काढले तर खालच्या आऱ्या स्पष्ट दिसतात आणि वरच्या पुसट होतात, ते याच कारणाने. ख्रिस्तोफर रेन याने 1658 साली सिद्ध केले की त्या कमानीची लांबी त्रिज्येच्या नेमकी 8 पट असते. वर्तुळातून जन्मलेल्या वक्राच्या लांबीत पाय (π) कुठेच येत नाही, याचे मला अजूनही नवल वाटते.

यातलेच एक जुने कोडे तुला मी बहुधा सांगितलेले नाही. ॲरिस्टॉटलच्या नावावर चालत आलेल्या एका ग्रंथात ते आहे आणि गॅलिलिओने 1638 च्या आपल्या ग्रंथात त्यावर पुष्कळ डोके चालवले आहे. एकाच आसावर मोठे आणि लहान अशी दोन वर्तुळे घट्ट बसवली आणि मोठे वर्तुळ जमिनीवरून एक फेरा घरंगळले, तर लहान वर्तुळही तितकेच अंतर पुढे जाते. मग दोघांचे परीघ सारखे म्हणायचे का? परीघ अर्थातच सारखे नाहीत. मोठे वर्तुळ घरंगळते आणि लहान वर्तुळ, त्याच्याखालीही एखादी फळी धरलेली आहे असे मानले तर, घरंगळता घरंगळता त्या फळीवरून फरपटतही जाते. दोन्ही एकाच वेगाने पुढे जात असतात, लांबून पाहणाऱ्याला काहीही वेगळे दिसत नाही, पण एकाचा टेकलेला बिंदू थांबलेला असतो आणि दुसऱ्याचा घसटत असतो. मुक्ता, माझी सगळी भीती या एवढ्याशा फरकात आहे.

टेकलेल्या बिंदूचा वेग शून्य असतो, पण त्वरण शून्य नसते. तुझ्या चाकाचा परीघ दोन मीटरच्या आसपास आहे, म्हणजे ताशी 120 ला ते एका सेकंदात सुमारे 17 फेरे घेते. टायरवरचा प्रत्येक बिंदू सेकंदाला 17 वेळा थांबतो आणि तितक्याच वेळा 240 पर्यंत जाऊन परत येतो. त्यासाठी लागणारे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या साडेतीनशे पटींहून अधिक येते. मी दोनदा करून पाहिले. अशा बिंदूला निवांत म्हणता येणार नाही. तू शून्य तेवढे लक्षात ठेवलेस, आणि ते शून्य कशाच्या जोरावर टिकते ते लक्षात ठेवायचे राहिले.

ते टिकते घर्षणाच्या जोरावर. पुस्तकात बिंदू असतो. रस्त्यावर रबर दबून त्याचा ठसा होतो, आणि जोराने ब्रेक लावताना त्या ठशातही थोडी सरक असतेच. गाडी 165 किलो आणि तू हेल्मेट-जॅकेटसह 65 किलो धरलीस तर वजन 230 होते. हवा 30 पीएसआय धरून भागाकार केला की प्रत्येक चाकाचा ठसा जेमतेम 55 चौरस सेंटिमीटर येतो. दोन्ही चाकांचे ठसे एकत्र ठेवले तरी एक पोस्टकार्ड भरत नाही. तुझा वेग वाढवणे, थांबणे, वळणे, सगळे त्या पोस्टकार्डाएवढ्या रबराने रस्ता धरून ठेवण्यावर चालते. चाक घरंगळत आहे तोवर स्थितिक घर्षण तुझ्या बाजूला असते आणि गाडी तुझे ऐकते. चाक अडकून घसटू लागले की गतिक घर्षण उरते. ते कमी असते, आणि मुख्य म्हणजे त्याची दिशा तू ठरवत नाहीस. पुढचे चाक अडकले की हँडल हातात असून नसल्यासारखे होते.

मला त्या वेगाची गोडी कळत नाही, असे समजू नकोस. कॉलेजात असताना शरूमामाच्या येझदीवर मागे बसून मी कोयनानगरपर्यंत जात असे, आणि पाटण मागे पडल्यावर तो रस्ता मोकळा झाला की मीच त्याला "अजून, अजून" म्हणत असे. टू-स्ट्रोकच्या धुराचा तो वास, वळणावर गाडी आडवी झाली की पोटात उठणारा गोळा, आणि गाडीबरोबर आपण कललो की तो गोळा विरून जाऊन जे हलकेपण येते, ते मला आजही जसेच्या तसे आठवते. एकदा रिकाम्या सडकेवर त्याने गाडी माझ्या हाती दिली. उजवीकडे वळायचे तर उजवे हँडल किंचित पुढे ढकलायचे, ही उलटी वाटणारी गोष्ट मला तिथे हातांनी कळली. तिचे गणित मी पुढे एम.एस्सी.ला शिकले. आक्कांना यातले काहीही ठाऊक नव्हते. शरूमामाच्या उजव्या पायाचे पुढे काय झाले ते तुला ठाऊक आहे, आणि तेव्हा काटा 40 च्याही वर नव्हता, हेही त्याने तुला सांगितले आहे. रस्ता ओला होता.

आपल्या शरीराला वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो. कानाच्या आतली जी रचना आपला तोल सांभाळते ती त्वरणाची खबर देते. वेग एकसारखा झाला की ती गप्प होते. म्हणून 120 वर दहा मिनिटे गेली की ते 80 वाटू लागते, आणि पहिल्यासारखा आनंद हवा असेल तर मूठ आणखी पिळावी लागते. ही तुझी बेफिकिरी आहे असे मी म्हणत नाही, हे सर्वांच्याच बाबतीत घडते. पण कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकने, प्रतिसादाला एक सेकंद धरून 60 वरून थांबायला सुमारे 37 मीटर लागतात, तर 120 वरून सुमारे 114. वेग दुप्पट होतो, अंतर तिप्पट होते, आणि आतला कान यातले तुला काहीही सांगत नाही.

वळणाचेही तसेच आहे. 30 मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 50 ने गेलीस तर गाडी सुमारे 33 अंश कलते, 60 ने गेलीस तर 43 अंश. या कलाचा टॅन्जंट म्हणजेच रस्त्याकडून तू मागत असलेले घर्षण. ओल्या डांबरावर घर्षणाचा गुणांक 0.5 मिळाला असे धरले, तर त्याच वळणावर ताशी 43 च्या पुढे काहीही शिल्लक राहत नाही, आणि त्याच क्षणी ब्रेक दाबलास तर तेही त्याच घर्षणातून वजा होते. एबीएस आहे हे मला माहीत आहे; 125 सीसीवरील गाड्यांना ते 2019 पासून सक्तीचे आहे. चाक अडकू लागले की ते क्षणभर ब्रेक सोडते आणि पुन्हा धरते, म्हणजे तो टेकलेला बिंदू पुन्हा थांबावा यासाठीच ते झटत असते. पण रस्ता जितके देईल त्याहून अधिक त्यालाही मिळवता येत नाही. हेळवाक ओलांडून पोफळीकडे उतरताना श्रावणात धुके असते, दरडीची माती वळणावर वाहून आलेली असते, आणि तिथली वळणे 30 मीटरपेक्षाही लहान आहेत.

पुन्हा घाटाचे लिहिले. पुन्हा वर्गही भरवला. तू वैतागली असशील तर मधली दोन पाने सोडून दे.

एक गोष्ट मात्र मला सांगायचीच होती आणि ती त्या भांडणात राहून गेली. शनिवारी संध्याकाळी अंगणात बसून तू चेन साफ करत होतीस, तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीत बराच वेळ उभी होते. रॉकेलमध्ये जुना ब्रश बुडवून तू एकेक कडी घासत होतीस, मग फडक्याने टिपून, चाक हाताने फिरवत तेल सोडत होतीस, आणि शेवटी चेन बोटाने वर उचलून तिचा ढिलेपणा पाहत होतीस. एका जागी पाहून न थांबता चाक थोडे फिरवून पुन्हा पाहिलेस. इतक्या सावकाश आणि इतक्या नेमकेपणाने काम करणारी मुलगी बेजबाबदार असू शकत नाही, हे मी तुझ्या बाबांना त्याच रात्री सांगितले. पेट्रोल पंपावरचा मुलगा "मॅडम, ती गाडी तुमच्या मुलीची का?" असे विचारतो तेव्हा मी हो म्हणते आणि माझा आवाज जरा मोठा होतो. म्हणूनच तुला घाबरवून घरी बसवावे असे माझ्या मनात नाही. वेगाची ओढच असेल तर कोइमतूरला कारी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला ट्रॅक आहे. तिथे वळण कोरडे असते, समोरून ट्रक येत नाही, आणि शिकवणारे असतात. त्या शिकवणीची फी मी देईन आणि तुझ्या बाबांची समजूतही मीच काढीन.

तू गेल्यावर अंगण झाडताना नव्हे, तू अंघोळीला गेली होतीस तेव्हाच मी मागच्या टायरच्या खाचेत रुपयाचे नाणे धरून पाहिले होते. कडेला नक्षी चांगली आहे, मधोमध मात्र टायर सपाट झाला आहे आणि खाचेतला झीज दाखवणारा उंचवटा जवळजवळ पृष्ठभागाशी आला आहे. सरळ रस्त्यावर जास्त चालवलेल्या गाडीचा टायर असाच झिजतो. कोरड्यात त्याने फारसे बिघडत नाही. पण पाणी बाजूला सारायचे काम त्या खाचाच करतात. त्या नसल्या तर रबर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा पापुद्रा राहतो, आणि मग तुझा शून्य वेगाचा बिंदू टेकतो तो पाण्यावर.

आज दुपारी मी तुझ्या खात्यात टायरचे पैसे पाठवले आहेत. ते परत पाठवू नकोस. टायर याच आठवड्यात बदल, नव्या रबराचा गुळगुळीतपणा जाईपर्यंत सुरुवातीचे काही किलोमीटर सावकाश चालव, आणि हवा टायर थंड असताना तपास. एवढे केल्यावर मंगळागौरीला कशाने जायचे ते तू ठरव. एसटीने आलीस तर कऱ्हाडहून आपण दोघी मिळून जाऊ. वैदेहीसाठी घेतलेली साडीही मग माझ्याच पिशवीत राहील. गाडीनेच जाणार असशील तर पहाटे न निघता उजाडल्यावर धुके उठू दे, आणि पोफळीला उतरलीस की आत्याच्या आधी मला फोन कर.

तुझी,
आई