टाकीतलं चोवीस तास पाणी

लातूर

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू पुण्यातल्या, वाघोलीच्या नव्या फ्लॅटचं वर्णन करत होतास. बाल्कनी, गिझर, शॉवर, चोवीस तास पाणी. आणि बोलता बोलता म्हणालास, "आई, आता लातूरसारखं जगायची गरज नाही." तेव्हा तुला ऑफिसची घाई होती, म्हणून मी विषय वाढवला नाही. पण ते वाक्य मनातून जाईना. फोनवर हे नीट सांगून होणार नाही, म्हणून लिहायला बसले.

त्याच फोनवर तू आणखी एक गोष्ट सांगितलीस, तिच्याकडे मात्र तुझं लक्ष गेलं नाही. पहाटे टँकर मागे घेताना भोंगा वाजतो आणि झोपमोड होते, असं तू म्हणालास. म्हणजे बाळा, चोवीस तास पाणी तुमच्या टाकीला आहे, नळाला नाही. वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेली, पण तिकडच्या कितीतरी सोसायट्या अजून टँकरवरच चालतात. टँकर कुठल्यातरी बोअरवर किंवा विहिरीवर भरतो, डिझेल जाळत तुमच्यापर्यंत येतो, मग पंप ते पाणी गच्चीवर चढवतो, आणि मग तुझा शॉवर सुरू होतो. बोअर आटली की तो टँकर आणखी लांबून येणार. तू जगतोयस ते लातूरसारखंच. फरक एवढाच की इथे टँकरसमोर आपण घागर घेऊन उभे होतो, तिथे तो तू झोपेत असताना येऊन जातो.

२०१६ चा उन्हाळा तुला आठवत असेल, आठवीत होतास. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं होऊ लागली म्हणून जमावबंदी लावावी लागली. मग १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर, कृष्णेचं पाणी. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत सुमारे साडेतीनशे किलोमीटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. बातम्यांत ती रेल्वे सगळ्या देशाने पाहिली. घराघरात काय चाललं होतं ते मात्र कुणी दाखवलं नाही, आणि मला तुला त्याचीच आठवण द्यायची आहे.

आपण आंघोळ मोठ्या टबात उभं राहून करायचो. ते पाणी बादलीत भरून संडासात. तांदूळ आणि डाळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला. भांडी घासायच्या आधी प्रत्येक ताट जुन्या कागदाने पुसून घ्यायचो, म्हणजे खरकट्याचं तेल निघून जायचं आणि अर्ध्या पाण्यात ताट स्वच्छ व्हायचं. पाहुणा आला की पेला अर्धाच भरायचा, हवं तर पुन्हा द्यायचं. यातलं काहीच अवघड नव्हतं. महिन्याभरात अंगवळणी पडलं होतं, आणि तू तर टबात उभा राहून एका तांब्यात साबण काढून दाखवायचास.

मग त्याच वर्षी परतीच्या पावसाने मांजरा भरलं. आणि बघता बघता गल्लीत पुन्हा पाइप लावून गाड्या धुणं सुरू झालं, अंगणात सडे पडू लागले. मला त्या दुष्काळापेक्षा याचं दुःख जास्त झालं. टंचाईत काटकसर कुणीही करतं, तिथे दुसरा इलाजच नसतो. पाणी असताना जी टिकते ती सवय. तुझ्याकडून माझी अपेक्षा त्या सवयीची आहे.

आता हिशेब करू, तुझी आई विज्ञानाची शिक्षिका आहे हे तू विसरू नयेस. साध्या शॉवरमधून मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी पडतं. दहा मिनिटं म्हणजे शंभर लिटर धर. बादलीत आंघोळ वीस लिटरमध्ये होते. तुम्ही तिघे आहात, म्हणजे रोजचा फरक दोनशे चाळीस लिटरचा. दहा हजार लिटरचा टँकर धरलास, तर तुमच्या एका फ्लॅटमागे साधारण दीड महिन्याला एक टँकर केवळ शॉवरपायी. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरून योजना आखतात, आणि हर घर जल योजनेत खेड्यातल्या माणसाला ५५ लिटर. तुझी एकट्याची शॉवरची आंघोळ गावातल्या जवळजवळ दोन माणसांचं दिवसाचं पाणी घेऊन जाते. शॉवर घेऊच नको असं मी म्हणत नाही. दमून आलास, सुट्टी आहे, घे. रोजची मात्र बादली ठेव.

फ्लशची टाकी जुनी असेल तर एका वेळी दहा लिटर सोडते. लिटरची बाटली पाण्याने भरून, बूच घट्ट लावून त्या टाकीत उभी करून ठेव. दर वेळी एक लिटर वाचतं, काही कळतही नाही. फक्त आतल्या दांड्याला ती अडकत नाही ना, ते बघ.

आरओचं जरा सविस्तर सांगते, कारण तू ते मशीन भाड्याने घेणार म्हणालास. आरओ एक लिटर पाणी प्यायला देतो तेव्हा साधारण तीन लिटर मोरीत सोडतो. पाण्यात विरघळलेले क्षार, ज्याला टीडीएस म्हणतात, ते लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तर आरओची गरज नसते, साधा यूव्ही फिल्टर पुरतो. खडकवासल्याचं पाणी असतं तर मी तुला आरओ घेऊच दिला नसता, ते मुळात मऊ. तुमचं टँकरचं पाणी बोअरचं असेल तर मात्र क्षार जास्त असू शकतात. म्हणून आधी मोज, मग ठरव. आरओ घ्यावाच लागला तर त्याची नळी मोरीत न सोडता बादलीत सोड. ते पाणी फरशी पुसायला आणि संडासात चालतं. कुंडीला घालू नकोस, क्षारांनी माती खराब होते.

तू म्हणशील, आई, उसाला एवढं पाणी जातं आणि तू माझी बादली मोजतेस. खरं आहे. आपल्या जिल्ह्यात पाण्याचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, घरातल्या बादल्या वाचवून मांजरा भरणार नाही हे मलाही कळतं. पण जो आपलं पाणी मोजतो त्यालाच दुसऱ्याचं विचारता येतं. सोसायटीच्या मीटिंगला जा आणि विचार की महिन्याला किती टँकर येतात, गच्चीवरचं पावसाचं पाणी कुठे जातं, पुनर्भरणाचा खड्डा आहे का, असला तर कधी साफ केला होता. नवा भाडेकरू म्हणून गप्प बसू नकोस. मेंटेनन्समध्ये त्या टँकरचे पैसे तूही भरतोस.

विजेचंही शेवटी पाण्यापाशीच येतं. आपल्या शेजारचं परळीचं औष्णिक वीज केंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. कोळसा जाळून वाफ करायची तर पाणी लागतं, ती वाफ थंड करायला आणखी पाणी लागतं. खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करायला मी तुला लहानपणापासून सांगत आले, त्यामागे बिलाइतकंच हेही कारण होतं. गिझर दोन हजार वॉटचा असतो, अर्धा तास चालू राहिला की एक युनिट गेलं. आंघोळीआधी दहा-पंधरा मिनिटं लावायचा आणि बंद करूनच आत जायचं. घरमालकाने बसवलेले जुने पंखे पंचाहत्तर वॉटचे असतात, नवे बीएलडीसी पंखे तीस वॉटच्या आसपास चालतात. तुझ्या खोलीतला एक बदलायला मालकाला विचार, नाही म्हणाले तर स्वतः घे आणि घर सोडताना काढून ने. उन्हाळ्यात एसी लागलाच तर चोवीसवर ठेव आणि पंखा चालू ठेव. तापमान एक अंश वाढवलं की वीज साधारण सहा टक्के कमी लागते. महावितरणच्या बिलात शंभर युनिटनंतर दर चढतो, त्यामुळे तुम्हा तिघांच्या खिशालाही ते बरं.

स्वयंपाक तुम्ही करणार म्हणालात, याचा मला फार आनंद झाला. तुरीची डाळ अर्धा तास आधी भिजत घाल, कुकरची पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक कर. आठवड्यातून तीन-चार वेळा तरी भाकरी खा. आपल्याकडची रब्बी ज्वारी काळ्या जमिनीतल्या नुसत्या ओलीवर येते, तिला पाटाचं पाणी लागत नाही. थापता येत नसेल तर सुरुवातीला पोळपाटावर प्लास्टिकच्या दुधाच्या पिशवीखाली दाबून कर, जमेल. उरली तर सकाळी कुस्करून कांदा-मिरचीच्या फोडणीत टाक. बाहेरून मागवलंस तर चमचे-काटे नको असं नोंदव, घरात आहेत ते वापर.

आणि त्या दुधाच्या पिशवीचं. कोपरा कापताना पूर्ण तोडू नकोस, जरासा चिकटलेला राहू दे. तो नखाएवढा तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही, गटारात जातो. पिशवीला चिकटून राहिला तर पिशवीबरोबर विकला जातो. पिशवी धुऊन, वाळवून सुक्या कचऱ्यात ठेव.

पुण्यात बऱ्याच भागांत कचरा गोळा करायला 'स्वच्छ' संस्थेच्या ताई येतात. कचरावेचकांचीच ती सहकारी संस्था आहे. 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही त्यांची संघटना १९९३ पासून काम करते. सुक्या कचऱ्यातलं जे विकलं जातं त्यावर त्यांची कमाई असते. तू कागदावर वरणाचं पातेलं उपडं केलंस की तो कागद गेला, आणि त्या बाईचे पैसेही गेले. दाढीचं ब्लेड कागदात नीट गुंडाळून त्यावर लाल पेनाने मोठा ठिपका काढून वेगळं दे. सॅनिटरी कचऱ्यासाठी त्यांनी लाल ठिपक्याची मोहीम चालवली होती, तो ठिपका त्यांना लगेच कळतो. त्या ताईंना नावाने ओळखत जा, सणाला हातात काहीतरी दे. फुरसुंगी आणि उरुळी देवाचीच्या लोकांनी वर्षानुवर्षं अख्ख्या पुण्याचा कचरा सोसला आणि त्यासाठी आंदोलनं केली, हे तुझ्या पिढीला माहीत असायला हवं. तुझ्या घरातली कुजकी भाजी कुणाच्या गावाला नको जायला.

ओला कचरा बाल्कनीत जिरवता येतो. बादलीला खाली आणि बाजूने भोकं पाड, तळाशी नारळाच्या शेंड्या घाल, वर सोसायटीतला वाळलेला पालापाचोळा. रोजचा ओला कचरा बारीक करून टाकायचा आणि प्रत्येक वेळी वर मूठभर पाला. अधूनमधून थोडं आंबट ताक शिंपड. वास आला तर ओल जास्त झाली समज, पाला वाढव आणि दोन दिवस काही टाकू नकोस. शिजवलेलं अन्न आणि हाडं सुरुवातीला नकोतच. दीड-दोन महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत होतं. मित्र कुरकुर करतील. त्यांना जबरदस्ती करू नकोस, बादली तू सांभाळ. खतात पुदिना लाव, चटणी झाली की तेच विचारतील.

कपड्यांचं तुला काही सांगावं लागत नाही, तू मुळातच कमी घेतोस. मशीन मात्र पूर्ण भरल्याशिवाय लावू नका, तिघांचे एकत्र धुवा.

बाबा पुढच्या रविवारी पुण्याला येताहेत. त्यांच्याबरोबर ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, झाकणाची मोठी बादली आणि माझं टीडीएस मीटर पाठवते. नळाचं पाणी पेल्यात घेऊन मोज आणि आकडा मला त्याच दिवशी कळव. तोपर्यंत आरओवाल्याला हो म्हणू नकोस.

तुझी,
आई