लेकीला उत्तर पाठ करायला लावू नकोस

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. शाळेच्या कार्यक्रमात बाकी सगळ्या मुलांच्या हातात तू राहतोस त्या, वहिनींच्या देशाचा झेंडा, आणि तुझ्या लेकीच्या हातात मात्र तुझ्या देशाचा, भारताचा, 'पाहुण्यांचा' म्हणून. वर बाईंना वाटतंय, आपण तिचं कौतुकच केलं! तिचा जन्म तिथला, आई तिथली, आणि पाहुणी ठरली ती. तू चिडलास यात नवल नाही. पण "आता तिला ठणकावून सांगायला शिकवतो, मी इथलीच म्हणून" हे काही मला पटलं नाही. भांडायचं तर आपण मोठ्यांनी भांडावं. एवढ्याशा पोरीने कशाला खिंड लढवायची?

तुझ्या पत्रानंतर मी या विषयावर बरंच वाचत बसलो. बोट्स्वानाच्या युनिटी डाऊ यांची गोष्ट डोक्यातून जात नाही. त्या स्वतः वकील, नवरा अमेरिकन. थोरली मुलगी लग्नाआधीची म्हणून आईमुळे बोट्स्वानाची नागरिक झाली. धाकटी दोघं लग्नानंतरची, म्हणून कायद्याने बापाची. म्हणजे आपल्याच आईच्या देशात परदेशी. एकाच घरातली, एकाच अंगणात खेळणारी तीन भावंडं! बाई कोर्टात गेल्या आणि 1992 मध्ये अपील न्यायालयातही जिंकल्या. पुढे त्याच देशाच्या उच्च न्यायालयात त्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या. आईलाही बापाइतकाच हक्क असावा, हे संयुक्त राष्ट्रांच्या करारात 1979 मध्येच लिहिलं गेलं होतं. तरी आजही वीसहून अधिक देशांत आई बरोबरीच्या हक्काने मुलाला आपलं नागरिकत्व देऊ शकत नाही.

जपानमध्येही 1985 पर्यंत फक्त बापाचंच चालायचं. तो कायदा सुधारला. लोकांच्या नजरा सुधारायला मात्र फार वेळ लागतोय. 2015 मध्ये आरियाना मियामोतो मिस युनिव्हर्स जपान झाली. नागासाकी प्रांतात जन्मलेली, तिथेच वाढलेली, आई जपानी, वडील आफ्रिकन-अमेरिकन. लगेच कुजबुज सुरू: ही पुरेशी जपानी दिसत नाही. टेनिसपटू नाओमी ओसाकाचं तर तुला माहीत आहेच. आई जपानी, वडील हैतीचे. तिने 2019 मध्ये जपानी नागरिकत्व निवडलं, 2021 च्या टोकियो ऑलिंपिकची ज्योत तिच्याच हातून पेटली. तिसऱ्या फेरीत हरली मात्र, आणि तिच्या जपानीपणावर पुन्हा शंका घेणारे हजर! मला खरा राग येतो तो याचा. बाकीच्या खेळाडूंना हरायची मुभा असते; या मुलांना दर वेळी जिंकूनच आपलेपणा मिळवावा लागतो.

दक्षिण कोरियात याच्या उलटी तऱ्हा. तिथे तरुणांना लष्करी सेवा सक्तीची, पण दिसायला उघड वेगळ्या असलेल्या मिश्र वंशाच्या मुलांना त्यातून वगळत असत. 2011 पासून त्यांनाही घेऊ लागले. वरवर पाहता ती सवलतच, पण बरोबरीच्या पोरांना जे ओझं उचलावं लागतं ते तुला नको, असं सांगणंही दाराबाहेर ठेवणंच की. बाईंनी दिलेला तो वेगळा झेंडा मला त्याच जातीचा वाटतो. हेतू चांगला असेलही. पण पोरगी रांगेतून बाजूला काढली गेली ना!

विमानतळावरच्या रांगांचं तू मागे लिहिलं होतंस. वहिनी नागरिकांच्या रांगेत, तू परदेशी लोकांच्या, आणि लेक दोन्ही रांगांच्या मधल्या पट्ट्याखालून इकडून तिकडे. अधिकारी वैतागला होता म्हणालास. मला तर त्या सगळ्यांत तीच शहाणी वाटली. आपण कुठले, हे तिला तेव्हा अजिबात अडलं नव्हतं.

म्हणून माझं ऐक. तिच्यासाठी एक ठरीव उत्तर तयार करू नकोस. आज ती म्हणेल मी आईच्या देशाची, पुढच्या वर्षी म्हणेल तुझ्या, वयात आल्यावर म्हणेल कुणाचीच नाही. म्हणू दे. प्रत्येक वेळी खरंच बोलत असेल ती. 'मॅचला कुणाच्या बाजूने?' असं विचारणाऱ्या काकालोकांना मात्र तूच आवर. त्यांना गंमत वाटते आणि पोर दोघांपैकी कुणाला दुखवायचं याचा हिशेब करत बसते. तुझी भाषा तिच्याशी रोज बोल, तिने उत्तर दुसऱ्या भाषेत दिलं तरीही. आजीशी तिला दुभाषाशिवाय बोलता आलं पाहिजे.

कागदपत्रांत मात्र ढिलाई नको. भारतीय कायद्याला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद वर्षाच्या आत वकिलातीत करायची असते. ती केली होतीस ना? मुलाकडे दुसऱ्या देशाचंही नागरिकत्व असेल तर सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत ते सोडावं लागतं, नाहीतर भारतीय नागरिकत्व आपोआप जातं. जर्मनीसारखे देश जन्माने आईवडिलांकडून मिळालेली दोन्ही नागरिकत्वं ठेवू देतात. वहिनींच्या देशाचा नियम काय, वयाची अट काय, ते नीट विचारून घे. ती तारीख तिला अठराव्या वाढदिवशी कुण्या कारकुनाकडून कळायला नको.

बाईंना भेटायला वहिनींसोबत जा, एकटा जाऊ नकोस. तुझा आवाज चढतो. पुढच्या वेळी झेंडा कुठला ते पोरीलाच विचारा, एवढंच म्हणा. त्या काय म्हणाल्या ते सविस्तर कळव.

तुझा,
जुना बाकसोबती