सॅन फ्रान्सिस्कोच्या 1951च्या डॉन्सना, एका नकाराबद्दल

प्रिय डॉन्स,

सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या 1951च्या अमेरिकन फुटबॉल संघाला हे पत्र लिहितो आहे. तुमच्यातले बॉब सेंट क्लेअर 2015 मध्ये गेले, जिनो मार्केटी 2019 मध्ये. पत्राला फार उशीर झाला, पण आभार मनात अजून ओले आहेत.

नऊ सामने, नऊ विजय. न्यूयॉर्कला जाऊन फोर्डहॅमला 32-26 हरवलंत, कॉलेज ऑफ द पॅसिफिकला 47-14. हंगाम संपत आला तसं तुमचं नाव बाउल सामन्यांसाठी, म्हणजे हंगामानंतर निवडक संघांना बोलावून होणाऱ्या मानाच्या सामन्यांसाठी, घेतलं जाऊ लागलं. अमेरिकेच्या दक्षिणेतून सांगावा आला तो असा, की या, पण ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर यांना घरी ठेवून या. दोघे कृष्णवर्णीय होते. तुम्ही म्हणालात, मग आम्हीही येत नाही.

हे ‘आम्हीही’ कुठून आलं, ते तुमचा खेळ पाहिला की कळतं. मॅटसन त्या हंगामात 1566 यार्ड धावले, देशात सर्वाधिक. सामन्यामागे 174 यार्ड. पण चेंडू घेऊन धावणाऱ्याला मोकळी वाट हवी असते, आणि ती पुढच्या फळीतले लाइनमन काढतात. एक हात जमिनीला टेकवून बसायचं, चेंडू हलताच पहिलं पाऊल आखूड टाकायचं, समोरच्याच्या खांद्याखाली खांदा घालायचा आणि पाय थांबू द्यायचे नाहीत. पहिलं पाऊल लांब पडलं की तोल जातो. अंग सरळ झालं की समोरचा उचलून मागे टाकतो. तुमच्या काळी तर पंजे उघडून ढकलायची मुभाही नव्हती. हात छातीशी धरून खांद्याने आणि कोपरापुढच्या हाताने रेटायचं. एवढं करून फट उघडते ती क्षणभर. धावणारा अर्धा सेकंद उशिरा आला तर ती मिटलेली असते. म्हणून त्याचं पाऊल कधी पडणार, हे फळीतल्या माणसाला मागे न पाहता ठाऊक असावं लागतं. आकडे धावणाऱ्याच्या नावावर जातात, फळीतल्या माणसाच्या नावावर एक यार्डही लागत नाही.

रोज मैदानात ज्याच्यासाठी वाट काढली, त्याला मैदानाबाहेर वाट अडवली गेली तेव्हा तुम्ही पुन्हा आडवे उभे राहिलात. मला यात सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे, की उत्तर द्यायला तुम्हाला विचार करत बसावं लागलं नाही.

आमच्याकडे हे घडायला हवं होतं आणि घडलं नाही. पुण्यात दलित क्रिकेटपटू पालवणकर बाळूंची डावखुरी फिरकी हिंदू संघाला हवी होती. मैदानात तोच चेंडू सगळ्यांच्या हातातून फिरायचा. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. पुढे 1911च्या इंग्लंड दौऱ्यात या माणसाने 114 बळी घेतले. आपला कप घेऊन बाहेर बाळूंच्या शेजारी जाऊन बसायला पैसा लागत नव्हता, परवानगी लागत नव्हती. 1920 मध्ये बाळूंना वगळलं आणि विठ्ठल यांना कर्णधारपद नाकारलं, तेव्हा संघातून बाहेर पडले ते विठ्ठल आणि शिवराम, त्यांचे सख्खे भाऊ. नकार द्यायचं ओझं ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्याच घरावर पडलं. तुमच्या संघात ते इतरांनी उचललं. तुमचे आभार मानताना मला ही लाज बाजूला ठेवता येत नाही.

आणि तुम्हाला ते स्वस्तात पडलं नाही. विद्यापीठाला फुटबॉलचा खर्च पेलत नव्हता, बाउलच्या पैशाचा मोठा आधार झाला असता. त्या हंगामानंतर संघच बंद झाला.

टोलर यांचा गुडघा 1952च्या ऑल-स्टार सामन्यात गेला आणि खेळणं संपलं. ते शाळेत शिकवू लागले, मुख्याध्यापक झाले, आणि 1965 मध्ये एनएफएल या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल लीगचे पहिले कृष्णवर्णीय सामना अधिकारी झाले. मॅटसन यांनी 1952च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये 400 मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवलं. त्याच हेलसिंकीत आमच्या खाशाबा जाधवांनीही कांस्य मिळवलं. खाशाबांना तिथवर पाठवायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं होतं. म्हणजे अशी माणसं आमच्याकडे नव्हती असं नाही. हवी होती ती चहाच्या वेळी, संघाच्या आत.

मार्केटी, मॅटसन, सेंट क्लेअर, तुम्ही तिघे पुढे हॉल ऑफ फेममध्ये, व्यावसायिक फुटबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेलात. हे पत्र मात्र ज्यांची नावं तिथल्या भिंतीवर नाहीत त्या उरलेल्यांनाही आहे. जायची संधी त्यांना पुन्हा मिळणार नव्हती, आणि तरी ते गेले नाहीत.

तुमचा कृतज्ञ,
शाळेच्या मैदानावर मुलांचे संघ निवडणारा एक मराठी माणूस