निळ्या पॉपीचं बी मागणाऱ्या सुन्याला

एडिंबरा,
१४ जून

प्रिय सुन्या,

नमस्कार-चमत्कार राहू देत. निळ्या पॉपीचा फोटो पाहून तू पुरता येडा झालायस आणि साताऱ्याच्या अंगणात आंब्याखाली लावायला बी मागतोयस. बी मिळणार नाही. शिव्या देण्याआधी पुढचं वाच.

ही निळी पॉपी, म्हणजे शास्त्रीय भाषेत मेकोनॉप्सिस, मूळची हिमालयापलीकडची. १९१३ साली बेली नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याला ती तिबेटच्या आग्नेय भागात दिसली, आणि पठ्ठ्यानं फूल वहीत दाबून आणलं. बी आणलं ते फ्रँक किंग्डन-वॉर्डनं, १९२४ च्या मोहिमेत. स्कॉटलंडमध्ये ती अशी रुळलीय की पर्थच्या ब्रँक्लिन गार्डनला लोक मुद्दाम तिच्यासाठी जातात. इथे जुलैतही पारा एकोणीस-वीसच्या आसपास असतो, हवा ओलसर, माती आम्लधर्मी. दक्षिण इंग्लंडच्या कोरड्या उन्हाळ्यापुढे मात्र मुरलेले माळीही हात टेकतात.

तुझ्याकडे सावली आहे रे, पण सावली म्हणजे गारवा नव्हे. मे महिन्यात आंब्याखालीसुद्धा रात्रभर जमीन धगधगते. हिला मुळाशी सतत ओल हवी, पाणी साचलेलं चालत नाही, आणि थंडीत ती जमिनीखाली गुडूप होते. ती झोप साताऱ्यात कुठून आणणार?

शिवाय लाड काय कमी आहेत? बी वरच पसरायचं, मातीत पुरायचं नाही. रोपं दोन पानांवर असताना पाणी जरा जास्त झालं की अख्खा ट्रे एका रात्रीत माना टाकतो. वाचली तर गोगलगायी आहेतच. सगळ्यात जिवावर येतं ते पहिल्या वर्षीची कळी खुडणं. खुडली नाही, तर पुष्कळदा फुलून, बी धरून झाड संपतं, आपल्या कारवीसारखं. खुडली की बुंध्याशी नवे फुटवे येतात आणि मग ती टिकते.

यंदा उत्तरेच्या भिंतीशी, बर्चच्या झाडाखाली, पहिल्यांदाच कळी न खुडता राखली. मान खाली घातलेली, तांबूस केसांनी भरलेली. ती उकलली तेव्हा पाकळ्या बोळा केलेल्या रेशमासारख्या चुरगळलेल्या होत्या. दुपारपर्यंत सुरकुत्या गेल्या. मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा झुबका आणि भोवती तो निळा! फोटोत तो निम्माही येत नाही, आणि झाडाला सोसेना झालं की तोच जांभळट पडतो.

तुझ्या आंब्याखाली भुईचाफा लाव. उघड्या जमिनीतून, पान नसताना, ऐन उन्हाळ्यात फूल काढतो तो. पाऊस सरला की झोपतो, म्हणजे हिवाळ्यात पाण्याची कटकट नाही. शेजारी सोनटक्का लाव, पण त्याला पाणी घालावं लागेल. दोन्ही फुलं घमघमतात. माझ्या निळ्या बाईसाहेबांना वासच नाही.

आणि ऑगस्टमध्ये व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जातोयस ना? तिथे दगडांच्या कपारीत हिची चुलतबहीण, मेकोनॉप्सिस ॲक्युलिएटा, सापडेल. अंगभर काटे, पाकळ्या फिक्या निळ्या. पायथ्याच्या घांगरिया गावातल्या वाटाड्याला आधीच सांगून ठेव. तोडू नकोस, बी खिशात घालू नकोस. फक्त मुळाशी माती कशी आहे, ऊन किती वेळ येतं, तेवढं बघून मला सविस्तर कळव.

काकूंना नमस्कार.

तुझा,
विन्या