जूनमध्ये येतोय, पण सुट्टीपुरतेच

नवापूर,
रविवार, दुपार

प्रिय आई-बाबा,

सलाम.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर आपलं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. आई "जेवलीस का"पासून सुरुवात करते आणि थोड्या वेळाने रडायला लागते. बाबा "आवाज येत नाही" म्हणून फोन दादाच्या हातात देतात. म्हणून पत्र. बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा आणि मधलं काही गाळू नका. तुम्ही काय गाळाल ते मला माहीत आहे.

आधी मुद्द्याचं. जूनमध्ये आम्ही नगरला कायमचे येणार होतो, ते येत नाही. इथल्या दवाखान्याला आम्ही दोघांनी आणखी दोन वर्षांचा होकार दिलाय, सह्याही झाल्यात. जूनमध्ये येऊ, पण सुट्टीपुरते. दादाने नगरला माझ्यासाठी जिथे शब्द टाकला होता, तिथे मी स्वतः फोन करून सांगितलंय. त्याला कुणापुढे खाली बघायला लागणार नाही, एवढं त्याच्या कानावर घाला. तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण तुम्ही 'नाही' म्हटलं असतं तर मला ते मोडवलं नसतं. पैशासाठी राहतोय असं कुणी म्हणालंच, तर माझा पगार सांगा, लोक आपोआप गप्प बसतील.

सासूबाईंनाही आजच असंच पत्र गेलंय. तुमच्या जावयांनी अर्धं पान लिहिलं आणि उरलेल्या अर्ध्यावर मला लिहायला लावलं. तेव्हा मिरजेत आणि नगरात एकाच आठवड्यात नाराजी होणार आहे. तुम्ही दोन्हीकडचे एकमेकांना फोन करून आमची उणीदुणी काढा, तेवढंच मन हलकं होईल.

का राहायचं, ते सांगते. इथे सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून मुलांत उतरणारा रक्ताचा आजार, घरोघरी आहे. जावई लॅबमध्ये दिवसभर तेच करतात. छोट्या नळीत द्रावण, त्यात बोटाच्या रक्ताचा थेंब, नळीमागे काळ्या रेषा आखलेला कागद. थोड्या वेळाने रेषा दिसल्या तर सुटलो. पाणी गढूळ होऊन रेषा दिसेनाशा झाल्या, तर पुढची तपासणी, म्हणजे तो माणूस नुसता वाहक आहे (स्वतः बरा, पण मुलांना देऊ शकणारा) की आजारीच आहे ते कळतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी हौसेने आमच्या दोघांचीही केली. रेषा दिसल्या. आई, तू काळजी सुरू करायच्या आत सांगितलं.

त्यानंतरचं बोलणं माझ्याकडे येतं. नवरा-बायको, नाहीतर लग्न ठरलेली दोघं समोर बसतात आणि मी त्यांना सांगते, की दोघंही वाहक असाल तर दर खेपेला मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. 'दर खेपेला' हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. पहिलं मूल आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली, असंच सगळे धरून चालतात. माझं स्वतःचं लग्न इतकं ताजं, आणि मी दुसऱ्यांच्या लग्नात हे कालवायचं! पण मी बोलले तर मुली ऐकतात. वयाने मोठ्या सिस्टरसमोर त्या मान वर करत नाहीत. ही जागा सोडून गेले तर इथे लगेच कोण येणार आहे? नगरला माझ्यासारख्या कितीतरी मिळतील.

आता बाबा, तुम्ही जे फोनवर दोनदा अर्धवट सोडलंत त्याबद्दल. "दिवस बरे नाहीत, आपण बरं आपलं काम बरं, देवाधर्माचं जरा जपून." तुमची भीती खोटी नाही. आमच्याही कानावर गोष्टी येतात. म्हणून आम्ही इथे काय करतो आणि काय करत नाही, ते एकदा नीट वाचा.

वॉर्डात आपणहून प्रार्थनेचं नाव काढायचं नाही, हा आमचा दोघांचा नियम. कुणी म्हणालं, तर आधी विचारायचं, "मोठ्याने करू की मनात?" गोळी-इंजेक्शन देताना देवाचा विषय नाही. कुणाला कपडे, धान्य, पैसे काही दिलं, तर त्या घरात त्यानंतर आपण होऊन बायबल उघडायचं नाही. हे जावयांनी ठरवलं. मला आधी जरा अतीच वाटलं होतं, आता पटतं. गुरुवारी संध्याकाळी आमच्या खोलीत गाणी होतात, दार उघडं असतं, ज्याला यायचं तो येतो. पेटी मी वाजवते, जावई बेसूर गातात. इथल्या मावची भाषेतली भजनं शिकतोय. माझे उच्चार ऐकून पोरं हसतात.

नागरिकशास्त्राच्या तासाला कलम 25 तुम्हीच शिकवलंत ना? धर्म स्वीकारणं, आचरणं आणि प्रसार करणं, तेही सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. आणि 'प्रसार' म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असं सुप्रीम कोर्टाने 1977 साली सांगितलं, हेही फळ्यावर लिहून दिलं होतंत. मला तुमच्या हस्ताक्षरासकट आठवतंय. आम्ही त्या चौकटीच्या आतच आहोत, बाबा. खरं तर बरेच आत.

बहुतेक वेळा विषय मी काढतच नाही, आईने घडवलेलं मंगळसूत्र काढतं. मला नुसती चेन हवी होती, आठवतंय? तू सोनाराच्या दुकानात ठाण मांडून बसलीस, की काळे मणी हवेतच आणि वाट्यांच्या जागी क्रूसच हवा. आता तो क्रूस सलाइन लावायला वाकले की पेशंटच्या अंगावर लोंबतो. नुकतंच लग्न झालेली एक मुलगी होती, हातावरची मेंदी अजून पुरती गेली नव्हती. तिने तो बोटांत धरला आणि विचारलं, "हा येशूचा ना? तो तुला काय देतो?" इतकी वर्षं चर्चच्या शब्बाथ शाळेत पाठांतराची बक्षिसं घेतली, पण त्या क्षणी एक वचन आठवेल तर शपथ. मी म्हटलं, "रात्रपाळीला एकटी असते तेव्हा भीती वाटत नाही." तिने बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, "मग चांगलं आहे." बस. ती काही आमच्या गुरुवारला आली नाही. तपासणीला मात्र नवऱ्याला घेऊन वेळेवर आली आणि माझ्यासाठी शेवग्याच्या शेंगा घेऊन आली. मला यात काही कमी पडलंय असं वाटत नाही.

शेजारचं घर देवमोगरा मातेला मानणारं. महाशिवरात्रीला ते सगळे यात्रेला गेले, तेव्हा त्यांच्या कोंबड्या आमच्याकडे होत्या. जावई पहाटे उठून कोंबड्या मोजायचे, जणू बँकेची तिजोरी ताब्यात मिळाली आहे. नाताळात त्याच काकूंनी माझ्याबरोबर बसून करंज्या केल्या आणि उपासनेलाही मागच्या बाकावर येऊन बसल्या. त्यांनी मला काही विचारलं नाही, मीही त्यांना विचारलं नाही. कधीतरी विचारतील, किंवा नाही विचारणार.

बाबा, कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची गोष्ट तुमच्याइतकी कुणी रंगवून सांगत नाही. 1893 साली आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. 1895 ला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना मात्र स्वतःच्या पायांनी यायला 1900 साल उजाडलं. तुम्ही नेहमी त्या गाडीतल्या माणसावर थांबायचात. मला लग्न झाल्यापासून लक्ष्मीबाईंची मधली वर्षंच जास्त आठवतात. एका घरातल्या माणसांनाही इतका वेळ लागतो, तर परक्या माणसाच्या मागे मी कशाला घाई लावू?

आमच्या घरातलंही सांगते, नाहीतर आईला वाटेल मी काहीतरी लपवतेय. भांडणं होतात. जावयांना सगळ्यात कांदा-लसूण मसाला लागतो, अगदी डाळीतसुद्धा. आणि इथली तूरडाळ इतकी गोड, की तिच्यावर तो मसाला घालणं म्हणजे पाप आहे. जेवणाआधीची त्यांची प्रार्थना इतकी लांबते, की भाकरी चिवट होते. मी एकदा डोळे मिटूनच "आमेन" म्हणून टाकलं. ते रागावले, मग हसले. रात्री भांडण मिटल्याशिवाय झोपायचं नाही असं पाळकांनी लग्नात सांगितलं होतं. त्यामुळे काही रात्री आम्ही फार उशिरा झोपतो.

राहण्याचं म्हणाल, तर दोन खोल्या, पुढे ओटा, आत नळ. पाणी सकाळी येतं, भरून ठेवायला दोन पिंप आहेत. गॅस आहे, फ्रीज जुना पण चालतो. लाइट जाते, मग इन्व्हर्टरवर एक पंखा चालतो. पावसाळ्यात इथे नगरसारखं आभाळाकडे बघत बसावं लागत नाही, उलट कपडे वाळता वाळत नाहीत. दवाखाना चालत पाच मिनिटांवर, रात्रपाळीला जावई सोडायला येतात. विंचवांबद्दल दादा काही बोलला असेल तर दुर्लक्ष करा, आम्ही बूट झटकून घालतो.

परवा ड्युटीवरून येताना एक बाबा मुलीला सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवून नेत होते. दांडीवर टॉवेलची घडी होती. आई, शब्बाथ शाळेला निघताना दानाचा रुपया तू माझ्या रुमालाच्या कोपऱ्यात बांधायचीस, आणि गाठ इतकी पक्की असायची की ती मला सुटायची नाही. मग बाबा सगळ्यांसमोर दातांनी सोडायचे. मला तेव्हा लाज वाटायची. आता वाटतं, कुणीतरी पुन्हा तसा रुमाल बांधून द्यावा.

बरं, आता नीट ऐका.

बाबा, साखरेची तीन महिन्यांची तपासणी फेब्रुवारीत व्हायला हवी होती. दादा म्हणतो, झाली नाही. याच आठवड्यात करा आणि रिपोर्टचा फोटो मला पाठवा, नुसतं "नॉर्मल आहे" चालणार नाही. चर्चच्या आवारातही अनवाणी फिरायचं नाही. रात्री झोपताना तळपाय आरशात बघा, नाहीतर आईला दाखवा. कमिटीच्या मीटिंगमधला गुलाबजाम हा प्रसाद नाही, तो नको म्हटला तर कुणाचा अपमान होत नाही.

आई, बीपीची गोळी तू मनानेच अर्धी केलीस म्हणे. पायाला सूज येते म्हणून? सूज त्या गोळीमुळेही येते, पण ती बंद किंवा कमी करायची की बदलायची ते डॉक्टर ठरवतील, शेजारच्या मावशी नाही. डॉक्टरांना सुजेचं स्पष्ट सांग. लोणचं-पापड कमी. सगळं सोड म्हणत नाही, मला माहीत आहे ते होणार नाही.

आणि पावसाळा संपला की इथे या, राहायला या, दोन दिवसांसाठी नको. एसटीने धुळ्यापर्यंत या, तिथून साक्री, कोंडाईबारी घाट, विसरवाडी, नवापूर. घाटात आईला मळमळेल, पुढच्या सीटवर बसा, आल्याची वडी जवळ ठेवा. आईला महिला म्हणून अर्धं तिकीट आणि बाबांना पासष्टीचं अर्धं, म्हणजे दोघांच्या येण्याला एकच तिकीट. आधार कार्ड विसरू नका. आल्यावर तुम्हाला स्टेशन दाखवीन. अर्धं स्टेशन महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे आणि बाकावर मधोमध हद्द रंगवलेली आहे. बाबा, तुम्ही महाराष्ट्राच्या बाजूला बसाल, मला खात्री आहे.

रागावला असाल तर चार दिवस रागवा. त्यानंतर फोन करा, आणि बाबा, फोन दादाला देऊ नका.

तुमची,
ताई

ता. क. जूनमध्ये येऊ तेव्हा मोठा पाटा-वरवंटा बांधून ठेवू नकोस, आई. तो एसटीत चढवताना मागे जावयांची कंबर धरली होती. उपासना संगीत हे गीतांचं जुनं पुस्तक मात्र काढून ठेव, पेटीवरचं, बाबांच्या पेन्सिलच्या खुणा असलेलं. इथे एकच प्रत आहे आणि गुरुवारी चौघी जणी त्यात डोकं घालतात.